हातातल्या फोनसाठी विकत घेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम

मोबाइल फोनच्या बाजारात ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे फोनच्या सर्व भागांचे नियमन करणाऱ्या आणि अ‍ॅप्सना आधार देणाऱ्या मूळ प्रणालीची, स्वतंत्र किंमत ग्राहकाला सहसा कधी दिसलेली नाही. ती यंत्राच्या किमतीत मिसळलेली असते, किंवा जाहिराती आणि ग्राहकाची माहिती यांच्या व्यवहारातून दुसरीकडेच वसूल केली जाते, आणि त्यामुळे ही प्रणाली फुकटच मिळते असा सार्वत्रिक समज रूढ झाला आहे. फिनलंडमधील योल्ला या लहान कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ही रीत मोडली. ज्याच्याकडे सोनीचा एक्सपीरिया एक्स हा फोन आधीपासून आहे त्याने ४९ युरो ९० सेंट भरावेत, फोनवरचे अँड्रॉइड पुसून टाकावे आणि त्या जागी सेलफिश ही वेगळी प्रणाली स्वतः बसवावी, असा ‘सेलफिश एक्स’ नावाने विकला गेलेला हा परवाना होता. यंत्र एका कंपनीचे आणि प्रणाली दुसरीची, आणि दोहोंची किंमत ग्राहकाने वेगवेगळी मोजायची, ही गोष्ट संगणकाच्या जगात जुनी असली तरी स्मार्टफोनच्या जगात जवळपास अपूर्व होती. हा परवाना फार मोठ्या संख्येने खपणार नव्हता आणि खपलाही नाही. तरीही त्याचा इतिहास तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण फोनमधील सॉफ्टवेअरचा नेमका कोणता भाग फुकट असतो, कोणत्या भागाला पैसे पडतात आणि फोनचा मालक खरोखर कशाचा मालक असतो, हे प्रश्न या लहानशा रकमेमुळे जितके उघड झाले तितके मोठमोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांतून झाले नव्हते.

स्मार्टफोनच्या आरंभीच्या काळात प्रणालीला किंमत होती, पण ती फोन बनवणारा भरत असे. १९९८ साली सायन, नोकिया आणि एरिक्सन या कंपन्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्थापन झालेली सिंबियन ही संस्था प्रत्येक फोनमागे काही डॉलर स्वामित्वशुल्क घेत असे, आणि मायक्रोसॉफ्टही विंडोज मोबाइलसाठी असेच शुल्क आकारत असे. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने ‘ओपन हँडसेट अलायन्स’ या संघाच्या वतीने अँड्रॉइड जाहीर केले आणि मूळ प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे सांगितले, तेव्हा या शुल्काचा पायाच निखळला. जी वस्तू एक विक्रेता फुकट देतो तिच्यासाठी दुसऱ्याला पैसे मागता येत नाहीत, हा बाजाराचा साधा न्याय मायक्रोसॉफ्टलाही मानावा लागला आणि एप्रिल २०१४ मध्ये तिने नऊ इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोजचे शुल्क रद्द केले. ग्राहकाकडून थेट पैसे घेण्याचा एक अपवाद मधल्या काळात घडून गेला होता. अ‍ॅपलने जानेवारी २००८ मध्ये आयपॉड टचच्या जुन्या मालकांकडून नव्या अ‍ॅप्सच्या संचासाठी १९.९९ डॉलर घेतले आणि त्यानंतरच्या दोन मोठ्या आवृत्त्यांसाठीही ९.९५ डॉलर आकारले, मात्र आयफोनच्या मालकांना त्याच आवृत्त्या विनाशुल्क मिळाल्या. हा फरक प्रणालीच्या मोलामुळे पडलेला नव्हता. आयफोनचे उत्पन्न दोन वर्षांत विभागून दाखवले जात होते आणि आयपॉडचे विक्रीच्या क्षणीच, म्हणून आयपॉडला नंतर दिलेल्या नव्या सुविधेचे वेगळे मूल्य दाखवणे अमेरिकी हिशेबलेखनाच्या नियमांच्या दृष्टीने कंपनीला आवश्यक वाटले होते. नियम बदलले आणि २०१० पासून तेही शुल्क गेले.

अँड्रॉइड फुकट आहे या विधानात मात्र एक महत्त्वाची मेख होती, आणि ती सर्वप्रथम छंद म्हणून प्रणाली बदलणाऱ्यांच्या अनुभवाला आली. स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी प्रोग्रॅमरने अँड्रॉइडचा खुला मूळ कोड घेऊन त्यात सुधारणा केल्या आणि ‘सायनोजेनमॉड’ नावाची आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. अशा आवृत्तीला ‘कस्टम रॉम’ म्हणतात, आणि ती फोनच्या कायमस्वरूपी स्मृतीत लिहिण्याच्या क्रियेला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने कॉन्डिकला कायदेशीर सूचना पाठवली. तिचा रोख अँड्रॉइडच्या मूळ कोडवर नव्हता. जीमेल, नकाशे आणि अ‍ॅप्सचे दुकान ही गूगलची खासगी अ‍ॅप्स परवानगीवाचून त्या आवृत्तीबरोबर वाटली जात होती, याला तिचा आक्षेप होता. त्यानंतर सायनोजेनमॉडमधून ती अ‍ॅप्स काढली गेली आणि ती पुन्हा घालण्याची जबाबदारी फोनच्या मालकावर आली. प्रणालीचा गाभा खुला आणि तिला उपयोगी बनवणारा वरचा थर बंदिस्त, अशी ही रचना होती, आणि पर्यायी प्रणालींचा पुढचा सगळा इतिहास याच रचनेने घडवला आहे.

भारतातील आणि विशेषतः महाराष्ट्रातील ग्राहकाला हा सगळा प्रकार वेगळ्या रूपात परिचित होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून संगणक बनवून देणाऱ्या दुकानांत विंडोजच्या विनापरवाना प्रती सर्रास बसवून मिळत, त्यामुळे प्रणालीची किंमत वेगळी मोजण्याची सवय मध्यमवर्गाला लागलीच नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या फोनला ‘सॉफ्टवेअर मारून’ देण्याची सेवा गावोगावी मिळत असे आणि आजही मिळते, पण तिथे दिले जाणारे पैसे दुकानदाराच्या श्रमाचे आणि कौशल्याचे असतात, प्रणाली लिहिणाऱ्याचा त्यांत काहीही वाटा नसतो. याच काळात मुंबईत, आयआयटी बॉम्बेच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या कंपनीतून ‘इंडस ओएस’ ही अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली तयार झाली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत फोन वापरता यावा, एका भाषेतील मजकूर बोट फिरवताच दुसऱ्या भाषेत किंवा लिपीत दिसावा, हा तिचा हेतू होता आणि तो मनापासून दाद देण्यासारखा होता. मात्र तीही मायक्रोमॅक्ससारख्या उत्पादकांच्या फोनवर आधीच बसवलेली येत असे. मराठीत चालणारी प्रणाली हवी म्हणून तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची निवड ग्राहकापुढे कधी आलीच नाही. सायनोजेनच्या नावाने २०१३ मध्ये निघालेल्या कंपनीनेही उत्पादकांशी करार करण्याचाच मार्ग धरला. त्या करारांतील हक्कांवरून डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स आणि वनप्लस यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ च्या अखेरीस कंपनीने आपली सेवाच बंद केली. तिच्या कोडवरून स्वयंसेवकांनी पुढे चालवलेली ‘लिनिएजओएस’ ही आवृत्ती आजही विनामूल्य मिळते.

योल्लाची वाट या सर्वांहून निराळी होती आणि तिचे मूळ फिनलंडमधील टाम्पेरे या शहराच्या इतिहासात आहे. टामेरकोस्की या धबधब्याच्या पाण्यावर १८२० मध्ये स्कॉटिश उद्योजक जेम्स फिन्लेसन याने तेथे कारखाना काढला, त्यातून पुढे उत्तर युरोपातील एक मोठी कापड गिरणी वाढली आणि या शहराला फिनलंडचे मँचेस्टर म्हटले जाऊ लागले. १८६५ मध्ये फ्रेड्रिक इडेस्टाम या खाण-अभियंत्याने याच धबधब्याच्या काठी लाकडाच्या लगद्याची गिरणी सुरू केली. काही वर्षांत त्याने दुसरी गिरणी पश्चिमेकडे नोकिया या गावाजवळच्या नदीवर उभारली, आणि कंपनीला त्या गावाचे नाव मिळाले. गिरण्या थंडावल्यानंतर टाम्पेरे हे नोकियाच्या मोबाइल संशोधनाचे एक मुख्य केंद्र झाले. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना लिनस टोर्व्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स या खुल्या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला होता. त्याच देशात, लिनक्सवर आधारलेला मोबाइल बनवण्याचा नोकियाचा प्रयत्न २००५ च्या ‘७७० इंटरनेट टॅब्लेट’पासून सुरू झाला आणि २००९ च्या एन९०० या फोनपर्यंत ‘मीमो’ या नावाने वाढत गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये नोकिया आणि इंटेल यांनी आपापले लिनक्स प्रकल्प एकत्र करून त्यांना ‘मीगो’ असे नाव दिले. वर्षभरातच, ११ फेब्रुवारी २०११ रोजी, नोकियाचे नवे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि मीगोचे भवितव्य संपले. त्यानंतर चार महिन्यांनी जाहीर झालेला एन९ हा फोन या दिशेचा शेवटचा फोन ठरणार हे आधीच ठरून गेले होते. दर्शनी भागावर एकही बटण नसलेला आणि केवळ पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून चालणारा हा फोन त्या काळाच्या पुढे होता, आणि तो ज्या अभियंत्यांनी घडवला त्यांच्या कामाची कदर त्यांच्या कंपनीने केली नाही, असेच म्हणावे लागते. फोनवरून बोट सरकवण्याच्या ज्या खुणा आज सर्वत्र रूढ आहेत, त्यांपैकी बऱ्याच या फोनमध्ये दिसल्या होत्या.

नोकरी सोडणाऱ्या किंवा गमावणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी नोकियाने ‘ब्रिज’ नावाची योजना काढली होती, आणि तिच्यानुसार नवा उद्योग सुरू करणाऱ्या प्रत्येक संस्थापकामागे २५,००० युरोपर्यंत मदत मिळत असे. मीगोवर काम केलेल्या काही जणांनी २०११ मध्ये टाम्पेरे परिसरात योल्ला कंपनी स्थापन केली. युसी हुर्मोला, सामी पिएनिमाकी, मार्क डिलन आणि स्टेफानो मोस्कोनी ही तिच्या आरंभीच्या काळातील प्रमुख नावे होत. मीगोचा खुला भाग ‘मेर’ या नावाने स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला होता, त्यावर योल्लाने स्वतःचा दर्शनी थर रचला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये हेलसिंकीतील ‘स्लश’ या उद्योजकांच्या मेळाव्यात सेलफिश ही प्रणाली सर्वांसमोर आणली. सुमारे वर्षभराने, २७ नोव्हेंबर २०१३ रोजी, हेलसिंकीतील नारिंका चौकात कंपनीचा पहिला फोन ग्राहकांच्या हाती पडला. त्याची किंमत ३९९ युरो होती. सप्टेंबर २०१४ मध्ये हाच फोन भारतात स्नॅपडीलवरून १६,४९९ रुपयांना विकायला आला, परंतु त्या किमतीत मिळणाऱ्या अँड्रॉइड फोनांच्या गर्दीत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

त्यानंतर टॅब्लेटचे प्रकरण घडले, आणि योल्लाने पुढे यंत्र सोडून प्रणाली विकायला का घेतली याचे निम्मे उत्तर त्यात आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकवर्गणीच्या मार्गाने, म्हणजे वस्तू तयार होण्याआधीच ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन, कंपनीने ३,८०,००० डॉलर उभे करण्याचे ठरवले. ती रक्कम काही तासांतच जमली आणि अखेरीस २५ लाख डॉलरहून अधिक पैसे गोळा झाले. उत्पादनाला मात्र विलंब होत गेला, गुंतवणुकीची अपेक्षित फेरी २०१५ च्या अखेरीस फसली, बऱ्याच कर्मचाऱ्यांना तात्पुरती कामबंदी द्यावी लागली, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले की, टॅब्लेट केवळ थोड्यांनाच मिळतील आणि बाकीच्यांना पैसे परत करण्याचा प्रयत्न टप्प्याटप्प्याने होईल. अनेकांना ते पैसे दीर्घकाळ मिळाले नाहीत. यंत्र बनवायचे तर सुटे भाग आधी विकत घ्यावे लागतात, कारखान्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि एका तिमाहीचा उशीरही लहान कंपनीला बुडवू शकतो, हा धडा फार महाग पडला. उरलेले अर्धे उत्तर भारतात आहे. दिल्लीची इंटेक्स ही कंपनी २०१५ मध्ये सेलफिशची पहिली परवानाधारक झाली आणि २०१६ मध्ये तिने ‘अ‍ॅक्वा फिश’ हा फोन ५,४९९ रुपयांना बाजारात आणला. याच इंटेक्सने २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएस ही दुसरी पर्यायी प्रणाली १,९९९ रुपयांच्या फोनवर विकून पाहिली होती. दोन्ही वेळा भारतीय ग्राहकाने नव्या प्रणालीचे स्वागत केले नाही, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण कमी किमतीच्या फोनवर ज्याला बँकेचे, रेल्वेचे आणि निरोपांचे अ‍ॅप चालवायचे आहे त्याला प्रणालीच्या स्वातंत्र्याची किंमत सर्वांत जास्त पडते. उत्पादकांना परवाना विकण्याचा मार्ग भारतात खुंटला, तेव्हा योल्लापुढे ज्यांना सेलफिश मनापासून हवी आहे अशा थोड्या लोकांना ती थेट विकण्याचा मार्ग उरला.

हे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले ते दोन गोष्टींमुळे. प्रत्येक स्मार्टफोनमधील कॅमेरा, पडदा, रेडिओ असे भाग चालवण्यासाठी ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे प्रोग्रॅम लागतात, आणि ते चिप बनवणाऱ्या कंपन्या केवळ अँड्रॉइडसाठीच व बंदिस्त स्वरूपात देतात. अँड्रॉइड आणि नेहमीचे लिनक्स यांचा गाभा एकच असला तरी मधले पायाभूत ग्रंथालय, म्हणजे सर्व प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात तो सामायिक कोडसंग्रह, वेगवेगळे असल्यामुळे हे ड्रायव्हर साध्या लिनक्सवर चालत नाहीत. कार्स्टन मुंक या डॅनिश अभियंत्याने २०१२ मध्ये ‘लिबहायब्रिस’ नावाचा दुवा लिहिला आणि अँड्रॉइडचे ड्रायव्हर लिनक्समधून वापरण्याची सोय केली. सेलफिशच काय, पुढे उबुंटू टचसारख्या अनेक पर्यायी प्रणालीही याच दुव्यावर उभ्या राहिल्या, आणि मोबाइलच्या इतिहासात ज्यांना क्वचितच श्रेय मिळते अशा शोधांत त्याची गणना केली पाहिजे. दुसरी गोष्ट सोनीच्या उदार धोरणाची. सोनीने ‘ओपन डिव्हाइस’ या उपक्रमाखाली आपल्या काही फोनांचा गाभा आणि आवश्यक ड्रायव्हर विकासकांसाठी प्रसिद्ध केले होते, आणि मालकाला बूटलोडर खुला करण्याची अधिकृत सोय दिली होती. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा आणि कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारा प्रोग्रॅम. बहुतेक उत्पादक तो कुलूपबंद ठेवतात, आणि जोपर्यंत तो कुलूपबंद आहे तोपर्यंत फोनच्या मालकाने कितीही पैसे मोजले तरी दुसरी प्रणाली त्यावर चढू शकत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात योल्ला आणि सोनी यांच्या या सहकार्याची घोषणा झाली.

ग्राहकाला करावे लागणारे काम सोपे नव्हते. त्याला सोनीच्या संकेतस्थळावरून फोनच्या ओळख-क्रमांकाच्या आधारे कुलूप उघडण्याचा संकेत मिळवावा लागे, बूटलोडर खुला होताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाई, कॅमेऱ्याच्या प्रतिमा सुधारणाऱ्या सोनीच्या काही खासगी प्रक्रियांच्या किल्ल्याही कायमच्या नष्ट होत, आणि त्यानंतर संगणकाला फोन जोडून आज्ञा देत देत प्रणाली चढवावी लागे. आरंभी ही विक्री युरोपीय संघ, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड एवढ्यापुरतीच मर्यादित होती, त्यामुळे भारतातील इच्छुकाला पैसे देऊनही अधिकृतपणे ती घेता येत नव्हती. पहिल्या आवृत्तीत अंगठ्याच्या ठशाची ओळख चालत नव्हती आणि काही संवेदकही निकामी होते. असे असूनही लोकांनी पैसे भरले, आणि ते कशासाठी भरले हे समजून घेणे हाच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

सेलफिशचा पाया खुल्या कोडचा होता आणि त्यावरून स्वयंसेवकांनी कितीतरी फोनांसाठी स्वतःच्या आवृत्त्या बनवल्या होत्या, योल्लाने त्यासाठी मार्गदर्शक साधनेही विनामूल्य दिली होती. ४९ युरो ९० सेंटांच्या परवान्यात जे अधिक मिळत होते ते मुख्यतः तीन घटक होते: अँड्रॉइडची अ‍ॅप्स सेलफिशवर चालवणारा थर, टंकलेखन करताना पुढचा शब्द सुचवणारी सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या कार्यालयीन टपाल-व्यवस्थेशी जुळवून घेण्याची क्षमता. अँड्रॉइडचा थर मुळात मिरियाड या स्विस कंपनीच्या ‘एलियन डाल्विक’ या तंत्रावर आधारलेला होता, शब्द सुचवणारी सोयही बाहेरच्या कंपनीची होती, आणि अशा घटकांसाठी योल्लाला स्वतःच परवान्याचे पैसे द्यावे लागत. पुढे योल्लाने विनामूल्य चाचणी-आवृत्तीही दिली. तिच्यात फोन, निरोप, ब्राउझर सर्व काही होते, केवळ हे तीन घटक नव्हते. म्हणजे ग्राहक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजत होता ती सेलफिशचे वेगळेपण नव्हतीच, ते तर फुकट मिळत होते. तो पैसे मोजत होता ते वेगळे असूनही इतरांच्या जगाशी, त्यांच्या अ‍ॅप्सशी आणि त्यांच्या कार्यालयांशी जोडलेले राहण्यासाठी.

हे निरीक्षण एका लहान कंपनीपुरते मर्यादित नाही, याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. १८ जुलै २०१८ रोजी युरोपीय आयोगाने गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला, आणि त्यामागे एक मुख्य कारण हे होते की, अ‍ॅप्सचे दुकान हवे असेल तर गूगलचा शोध आणि ब्राउझर आधीच बसवून द्यावा, तसेच अँड्रॉइडच्या मान्यता नसलेल्या आवृत्त्यांचे फोन विकू नयेत, अशी सक्ती उत्पादकांवर होती. या अटींचा तडाखा २०१२ मध्येच एसर कंपनीने अनुभवला होता. अलीबाबाच्या ‘अलीयुन’ या प्रणालीचा फोन चीनमध्ये सादर करण्याचा तिचा बेत गूगलच्या आक्षेपानंतर ऐनवेळी रद्द झाला. आयोगाच्या निर्णयानंतर गूगलने युरोपात आपल्या अ‍ॅप्सच्या संचासाठी उत्पादकांकडून प्रत्येक फोनमागे शुल्क घेण्याचे जाहीर केले आणि माध्यमांतील वृत्तांनुसार ते कमाल ४० डॉलरपर्यंत होते. अँड्रॉइडचा गाभा तेव्हाही फुकटच होता. मोल होते ते वरच्या थराला, आणि त्याचा आकडा योल्लाच्या परवान्याच्या फार दूर नव्हता. भारताच्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये याच स्वरूपाच्या अटींबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

एक्सपीरिया एक्सनंतर योल्लाने एक्सए२, एक्सपीरिया १० आणि त्यापुढील दोन पिढ्यांच्या फोनांसाठी सेलफिश तयार केली, आणि त्यातून एकदाच घेतलेल्या किमतीचा दोषही स्पष्ट झाला. परवाना एका विशिष्ट फोनशी बांधलेला असे, म्हणून फोन बदलला की नवा घ्यावा लागे. उलट ज्याने जुनाच फोन वर्षानुवर्षे वापरला त्याच्यासाठी कंपनीला सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या आवृत्त्या पैसे न घेता पुरवत राहाव्या लागत. एक्सपीरिया एक्सवरील अँड्रॉइडचा थर ४.४ या आवृत्तीच्या पातळीवरच राहिला, तर नव्या फोनांवर तो पुढे गेला, त्यामुळे पहिल्या परवानाधारकांची अ‍ॅप्स एकेक करून बंद पडू लागली. सर्वांत आधी विश्वास दाखवणाऱ्यांच्या वाट्याला हे यावे ही गोष्ट खटकणारी आहे, जरी जुन्या ड्रायव्हरांमुळे कंपनीचे हात बांधलेले होते हे खरे असले तरी.

या परवान्यांच्या विक्रीवर कंपनी चालू शकत नव्हती. तिचे मोठे उत्पन्न अन्यत्र होते, आणि तेथेच तिचे मोठे संकटही होते. रशियाच्या सरकारला अमेरिकी कंपन्यांच्या कक्षेबाहेरची मोबाइल प्रणाली हवी होती, त्यासाठी तेथील ‘ओपन मोबाइल प्लॅटफॉर्म’ या कंपनीने सेलफिशचा परवाना घेतला, २०१८ मध्ये सरकारी मालकीच्या रोस्टेलिकॉमने त्या कंपनीवर ताबा मिळवला आणि सेलफिशची रशियन शाखा ‘अव्रोरा’ या नावाने वेगळी वाढू लागली. योल्लाच्या भागभांडवलातही रशियन वाटा शिरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर हा वाटा असह्य ओझे ठरला, कारण पाश्चात्त्य देशांतील कोणतीही मोठी कंपनी अशा मालकीच्या पुरवठादाराशी व्यवहार करायला तयार होईना. एखाद्या राष्ट्राच्या स्वायत्ततेसाठी विकलेली प्रणाली आणि एखाद्या व्यक्तीच्या स्वायत्ततेसाठी विकलेली प्रणाली एकाच कोडमधून आली, तरी पहिल्या व्यवहाराने दुसऱ्याला जवळजवळ बुडवले. २०२३ मध्ये कंपनी न्यायालयीन पुनर्रचनेत गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिचा व्यवसाय आणि कर्मचारी, व्यवस्थापनातील जुन्या मंडळींनी उभारलेल्या ‘योल्लीबॉइज’ या नव्या कंपनीकडे गेले. रशियन मालकीची गाठ अशा रीतीने सुटली. अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालवणारा थर, ज्याच्यासाठी सेलफिश एक्सच्या ग्राहकांनी पैसे मोजले होते, तो दरम्यान ‘अ‍ॅपसपोर्ट’ या नावाने मोटारींच्या पडद्यांसाठी वाहन-उद्योगालाही देऊ केला गेला होता.

पर्यायी प्रणाली पोसण्याचे दुसरे मार्गही याच काळात तपासले गेले. उबुंटूच्या कनॉनिकल या कंपनीने २०१३ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलरची लोकवर्गणी मागितली, ती पूर्ण झाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये तिने मोबाइलचा नाद सोडला आणि तिची प्रणाली ‘यूबीपोर्ट्‌स’ या संस्थेतील स्वयंसेवक देणग्यांवर चालवू लागले. मँड्रेक लिनक्सचे जनक गाएल दुवाल यांनी फ्रान्समध्ये ‘/ई/’ ही गूगलविरहित प्रणाली विनामूल्य ठेवली आणि ती बसवलेले फोन ‘म्युरेना’ या नावाने विकून खर्च भागवण्याचा मार्ग धरला. त्या तुलनेत थेट पैसे मागण्याचा योल्लाचा मार्ग अधिक प्रांजळ मानावा लागतो, कारण घेणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतो हे त्यात घटकागणिक कळत होते, आणि न देणाऱ्यालाही गाभा वापरण्याची मुभा होती.

मे २०२४ मध्ये नव्या कंपनीने तुर्कस्तानच्या रीडर या उत्पादकाकडून बनवून घेतलेला ‘योल्ला सी२’ हा फोन २९९ युरोंना जाहीर केला. त्या किमतीत सेलफिशची एका वर्षाची वर्गणी धरलेली होती, आणि वर्ष संपल्यावर ती चालू ठेवायची की नाही हे ग्राहकाने ठरवायचे होते.